दिलेली वेदना परत घेतली जाईल

आधी बांगड्या फुटल्या.

मग बोटं आत गेली, आणि प्रणालीच्या मनात आलं ते एवढंच, की आता काचा रसात जाणार आणि गिऱ्हाईक ओरडणार. मग मनगट. चरक थांबला नाही. थांबायला हवा होता. त्यासाठीच तर जुना विकून हा नवा घेतला होता. रोलरच्या वर एक काळा काचेचा डोळा. उसाचं कांडं कोणतं आणि माणसाचा हात कोणता, हे तो ओळखतो. हात दिसला की पापणी लवायच्या आत चरक बंद. पण चाकाला बांधलेली घुंगरं तालात वाजत राहिली, आणि तिचा उजवा हात आलं-लिंबू घालून दुमडलेल्या उसाच्या मागोमाग कोपरापर्यंत

सोमनाथ कटके, तिचा नवरा, रस्त्याच्या कडेला एका मोटारीत ग्लास देत होता. ग्लास टाकून तो धावला. तार उपटली.

चरक थांबला. हात आतच.

रोलरमध्ये गेलेला हात ओढून निघत नाही. रोलर उलटे फिरवावे लागतात, आणि उलटे फिरवायला वीज लागते. सोमनाथने बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती नको म्हणत होती. त्याने तार परत लावली आणि उलट्या फेऱ्याचं बटण दाबलं.

हात गेला होता त्याच वाटेने परत आला. जेवढा उरला होता तेवढा.


पर्याय पहिला : परतावा

पुरंदरची माणसं राज्यभर रसवंत्या चालवतात, तशी ही दोघं बार्शीच्या बायपासला आली होती. चरक गावातल्याच ठोंबऱ्यांच्या दुकानातून घेतलेला. प्रणाली अजून दवाखान्यात होती तेव्हा सोमनाथ तिथे गेला.

"पूर्ण पैसे परत," ठोंबरे म्हणाले. "एक रुपया कापणार नाही. कायदाच आहे तसा. फक्त मशीन जशी नेली तशी आणून द्या. खोकं असलं तर उत्तम."

"तिच्यात माझ्या बायकोचं मांस अडकलंय."

"मग पुसून आणा ना."

ठोंबरे वाईट माणूस नव्हता. मिक्सर असो, पंखा असो, परत घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो पुसून आणा म्हणायचा. सवयीने तोंडातून गेलं, आणि गेल्यावर त्यालाही कळलं. तो "तसं नव्हे हो" म्हणेपर्यंत सोमनाथने त्याची मान धरून तोंड काउंटरवर आपटलं होतं. काच तडकली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा फुटली. ठोंबऱ्याची भुवई डोळ्यावर लोंबायला लागली. सोमनाथने काचेचा लांब तुकडा उचलला. त्याच्या स्वतःच्या तळव्यातून रक्त गळत होतं आणि तो म्हणत होता, "पुस. हे पुस. पुस की."

चौघांनी मिळून त्याला बाहेर ओढलं.

तडजोड झाली ती अशी : ठोंबरे मारहाणीची तक्रार मागे घेणार, कटके कुटुंब परताव्याचा हक्क सोडणार.


पर्याय दुसरा : बदली वस्तू

टेंपो आला. मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरा चरक, वर झेंडूचा हार. 'इक्षुराज यंत्रे' असं कंपनीचं नाव बाजूला सोनेरी अक्षरांत. ड्रायव्हरने चरक उतरवला आणि हातातली पाटी पुढे केली.

"ताई, उजवा अंगठा लावा."

प्रणालीने पदर बाजूला केला. ड्रायव्हर बघत राहिला.

कोपऱ्यात ऊस सोलायचा कोयता होता. तो तिने डाव्या हातात घेतला. डाव्या हाताने तिने आयुष्यात काही तोडलं नव्हतं. पहिला घाव पत्र्यावरून निसटून तिच्याच पोटरीत बसला. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

"ताई, माझी नोकरी जाईल हो!"

"बाजूला हो, दादा. लागेल."

पाचव्या की सहाव्या घावाला चरकाचा काळा डोळा फुटला. मग ती जमिनीवर बसली आणि पोटरीला फडकं बांधता येईना म्हणून रडली.


पर्याय तिसरा : भरपाई

कंपनीतून अनिरुद्ध शेवडे आले. तक्रारी मिटवणं हे त्यांचं काम, आणि त्याआधी यंत्रांच्या सुरक्षेचा विभागही त्यांच्याकडेच होता. त्यांनी चपला बाहेर काढल्या, दिलेलं पाणी प्यायले, खोटं काही बोलले नाहीत.

"कृत्रिम हात, जन्मभराचे उपचार, शिवाय त्रासापोटी वेगळी रक्कम. ग्राहक पीठापुढे गेलात तर यापेक्षा कमीच मिळेल."

"त्रासापोटीचा आकडा कसा काढला?"

"एक सरासरी असते, वहिनी. पण मला कळतंय तुमचं—"

"उठा," प्रणाली म्हणाली.

ते गेल्यावर सोमनाथ म्हणाला, "घ्यायला हवं होतं गं. पोरीची शाळा आहे. तू सारखी कुढत बसतीस. मला काय कळत नाही का? मलाबी सगळं—"

तिने त्याला मारलं. हाताने नाही, हात नव्हता. टाके घातलेल्या थोटक्याने मारलं, तोंडावर, पुन्हा कानावर, पुन्हा. टाके उसवले. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. त्याने तिला धरलं नाही. मान खाली घालून मार खात उभा राहिला, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"काय कळतंय? सांगा ना. काय कळतंय?"

त्याने खांद्यावरचा पंचा तिच्या थोटक्यापुढे धरला.

"एका तरी माणसाला कळायला पाहिजे," ती म्हणाली. "पैसे नकोत मला. एका तरी माणसाला."


पर्याय चौथा

दुखणं हातात नसतं. हात फक्त बातमी पाठवतो. दुखतं ते मेंदूत. म्हणूनच हात कापून टाकला तरी तो दुखत राहतो. प्रणालीचा नसलेला उजवा हात दिवसरात्र मूठ आवळून असायचा, नखं तळव्यात रुतलेली. ती मूठ तिला उघडता यायची नाही.

अशा दुखण्यांवर उपाय शोधताना संशोधकांना दिसलं की प्रत्येक वेदनेची मेंदूत एक ठरावीक चाल असते. कोणत्या पेशीसमूहांनी, कोणत्या क्रमाने, किती जोरात बोलायचं, अशी. गाण्याची असते तशीच. एखाद्याला ती घटना पुरती आठवायला लावली, त्याच वेळी तुटलेल्या नसेला हलकासा विजेचा स्पर्श केला, की ती चाल पुन्हा जशीच्या तशी उमटते. मग ती नोंदवून घेता येते. आणि जे नोंदवता येतं ते वाजवताही येतं. दुसऱ्या माणसाच्या मेंदूचा नकाशा आधी काढून ठेवला, की त्या नकाशाबरहुकूम बसवलेली तीच चाल त्याच्यात वाजते. कातडीवर ओरखडाही उठत नाही.

डॉक्टरांच्या हातून हे यंत्र न्यायाधीशांच्या हाती गेलं. ग्राहकाला झालेल्या त्रासाचा आकडा इतकी वर्षं अंदाजाने ठरायचा. आता मोजता येऊ लागला. मोजता येऊ लागल्यावर कुणीतरी विचारलं : मोजलेली वस्तू पैशांतच का फेडायची? माल सदोष निघाला तर तो विकणाऱ्याला परत करता येतो. त्याच मालाने दिलेली वेदना का नाही?

कायद्यात चौथा पर्याय आला. वेदना-परतावा. नोंदीतले सर्वांत तीव्र दहा सेकंद, जबाबदार व्यक्तीला, एकदा.

निवडला की बाकीचे तिन्ही रद्द. आणि एकदा नोंद झाली की माघार नाही. सुरुवातीला माघार घेता यायची, तेव्हा पडून राहिलेल्या नोंदी चोरीला गेल्या. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊ त्या एकमेकांसाठी विकत घेऊ लागले. म्हणून नियम झाला : नोंदवायची, वाजवायची, पुसायची.

नोंदणीच्या खोलीत वेदना मोजणाऱ्या मापकाने प्रणालीच्या डोक्यावर तारांचं मऊ जाळं चढवलं. त्याला तिथले सगळे टोपडं म्हणत. सोमनाथ काचेपलीकडे बसला होता.

"बांगड्यांपासून सुरू करा," मापक म्हणाला.

तिने सुरू केलं. बांगड्या. बोटं. मनगट आत जाताना झालेला आवाज, ओला ऊस मोडतो तसा. तिच्या तोंडात रबर होतं म्हणून ओरडण्याचा फक्त घरघराट झाला. पाय खुर्चीवर इतके आपटले की अंगठ्याचं नख निघालं. थोटका आपोआप उचलला जात होता, आत ओढला जात होता, आणि पडद्यावर रेघ चढत चढत गेली, थोडी उतरली, आणि मग अशी उसळली की मापकाने हातातला चहा खाली ठेवला.

"दोन शिखरं आहेत," तो काचेपलीकडे आला तेव्हा सोमनाथला म्हणाला. "पहिलं हात आत जातानाचं. हे दुसरं, बाहेर येतानाचं. दुसरं पुष्कळ मोठं आहे. दहा सेकंद त्यातलेच निघतील."

सोमनाथने काचेतून पडद्यावरच्या दुसऱ्या शिखराकडे बघितलं. बोट लावून बघितलं, काच गरम असावी तसं लगेच मागे घेतलं.


पीठापुढे

जिल्हा ग्राहक पीठाच्या सदस्य उज्ज्वला मोहोळकर यांनी सुनावणी एका बैठकीत संपवली. जबाबदार कोण, एवढाच प्रश्न होता. जबाबदार ठरू शकतील अशांच्या मेंदूचे नकाशे नियमाप्रमाणे आधीच काढलेले होते : कंपनीतर्फे शेवडे, घरातर्फे दोघं नवरा-बायको.

"डोळ्यावर थर कसला सापडला?"

"कुंकू," शेवडे म्हणाले. "ओलं लावलेलं. त्यावर उसाचा रस उडून वाळला. डोळ्याला काही दिसतच नव्हतं."

"खंडेनवमी होती बाई," प्रणाली म्हणाली. "कोयता, काटा, चरक, सगळ्यांची पूजा केली. मशीनला कपाळ कुठं असतं? डोळ्याच्या वर. वर जागाच ठेवली नव्हती. मग डोळ्यालाच लावलं."

"पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, डोळ्यावर घाण साचू देऊ नये."

"कुंकू घाण आहे?"

मागे कुणीतरी हसलं. शेवड्यांनी मान हलवली. "तसं म्हणायचं नव्हतं मला."

"एवढंच सांगा. डोळा आंधळा झाला तर मशीन थांबायला नको?"

शेवड्यांनी हातातली पुस्तिका मिटून ठेवली.

"थांबायची," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी थांबायची. माशी बसली, रस उडाला, धूळ आली, बंद. भर उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारात आणि चरक बंद. लोक चिडले. सदोष माल म्हणून शेकड्यांनी मशिनी परत आल्या, सगळ्यांना परतावे द्यावे लागले. कंपनी बुडत होती. मग आम्ही आज्ञावली बदलली. दिसेनासं झालं तर चालू राहायचं. त्यानंतर एकही मशीन परत आली नाही."

"बदलली कुणी?"

"सही माझी आहे."

त्यांनी नजर खाली घातली नाही. प्रणाली मोहोळकरबाईंकडे वळली. झालं की मग, असा तिचा चेहरा होता.

"कटकेताई," मोहोळकरबाई सावकाश म्हणाल्या, "कायदा जवळचा हात बघतो. यंत्राच्या सुरक्षेत अपघाताआधी शेवटचा हस्तक्षेप कुणाचा, ते. तो बदल चार वर्षांपूर्वीचा आहे. कुंकू त्याच आठवड्यातलं. मला हे बरोबर वाटत नाही, पण मला वाटण्याला इथे किंमत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जबाबदार तुम्ही. वेदना-परताव्याचे ते दहा सेकंद तुमच्यातच वाजवावे लागतील."

काही क्षण प्रणालीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग नसलेली मूठ आणखी आवळली गेली.

सोमनाथ उभा राहिला.

"कुंकू मी लावलं."

"अहो!"

"मी लावलं, बाई. ही त्या दिवशी नैवेद्य करत होती. मशीनला बायकांनीच कुंकू लावायचं असं कुठं लिहिलंय का?"

"खोटं बोलतायत हे. अहो, खाली बसा तुम्ही."

"तू गप गं!" इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता.

मोहोळकरबाईंनी दोघांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं असणार. त्यांनी सोमनाथचं नाव लिहून घेतलं, कारण दुसरं नाव लिहायला त्यांचा हात धजत नव्हता.

बाहेरच्या जिन्यावर प्रणालीने त्याचा सदरा मुठीत धरून त्याला भिंतीशी दाबलं.

"कशाला?"

"ते दुसरं शिखर माझंय. बटण मी दाबलं."

"तुम्ही मला सोडवलं."

"सोडवलं. आणि सर्वांत जास्त दुखवलं कुणी? मापकानं मोजून दाखवलं ना." तो तिची बोटं सोडवत नव्हता, सदरा फाटत होता. "मला घेऊ दे ते. मग तरी तुझ्याकडं बघता येईल."

तिला नको म्हणायचं होतं. पण आत कुठेतरी, अगदी तळाशी, घेऊ दे त्याला, असंही होतं. ते तिचं तिला दिसलं आणि तिने सदरा सोडला.


दहा सेकंद

खोली लहान. एक खुर्ची, हातापायांना पट्टे, दातांत धरायला रबर. कळ जमिनीवर, पायाने दाबायची. इथे येणाऱ्या पुष्कळांना हात नसत. दाबायची तक्रारदारानेच, असा नियम. दुसरा पक्ष हजर हवा, असाही.

मापकाने सोमनाथला बांधलं. टोपडं चढवलं. "हे डोकं ओळखतं," तो सांगत होता, "नकाशा आपोआप लागतो. हिरवा दिवा आला की दाबा. मध्ये कुणी हात लावू नका, अर्धवट तोडलं तर मेंदूत अडकून बसतं."

दिवा हिरवा झाला. सोमनाथने डोळे मिटले.

शेवडे त्याच्यावर वाकले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मनापासून.

"घाबरू नका, कटके. इंजेक्शनसारखं असतं. गेलं की गेलं."

"तुम्ही घेतलंय?" प्रणालीने विचारलं.

"मी? नाही. पण लोक सांगतात—"

तिने टोपडं नवऱ्याच्या डोक्यावरून ओरबाडलं. वाकलेल्या शेवड्यांच्या डोक्यावर दाबलं. डाव्या हाताने आणि थोटक्याने त्यांची मान काखेत आवळली. उजवा थोटका हाडापर्यंत ठणकला. शेवडे धडपडले, त्यांच्या कोपराने तिची बरगडी मोडल्यासारखा आवाज झाला. दिवा विझला, पिवळा झाला, डोकं ओळखू लागला.

हिरवा.

तिने पाय दाबला.

शेवड्यांचा उजवा हात ताठ झाला

कुणीतरी पोलीस म्हणून ओरडलं

मापक कळीकडे झेपावला, आठवलं, हात मागे

शेवड्यांच्या दातांत रबर नव्हतं

जिभेचं टोक

रक्त तिच्या बाहीवर, गरम

आणि अजून संपलं नव्हतं, हात अजून बाहेर येत होता, त्यांच्यात, उलट्या फेऱ्यात, हाड सोलत, आणि ते "नको" म्हणत होते, ती म्हणत होती तस्सं, त्याच सुरात, नको नको

संपलं.

शेवडे तिच्या काखेतून निसटून खाली कोसळले. कपाळ खुर्चीच्या लोखंडावर आपटून फुटलं. मोहोळकरबाई दारात उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून. मापक भिंतीला चिकटला होता. सोमनाथ खुर्चीला बांधलेला.

"प्रणाली," तो म्हणाला. "मला सोड. प्रणाली, इकडं बघ. पोलीस येतील गं."

शेवडे जमिनीवर काहीतरी चाचपत होते. खुर्चीखाली, स्वतःच्या अंगाखाली. डाव्या हाताने उजवा हात शोधत होते. तो त्यांच्या खांद्यालाच होता, धडधाकट, पण त्यांची बोटं त्यावरून परक्याच्या वस्तूवरून जावीत तशी जात होती.

"कुठाय," ते म्हणाले. जिभेमुळे शब्द फुटत नव्हते. "कुठाय माझा."

कुणी जवळ जाईना.

प्रणाली बरगडी धरून त्यांच्या शेजारी बसली. जिन्यावर बूट वाजायला लागले होते. आता तिला ना परतावा, ना भरपाई. उलट तिच्यावरच खटला, कदाचित तुरुंग. पोरीला कोण बघेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण आधी हे होतं.

"आता गार पडेल," ती म्हणाली. "कोपरापासून खाली. घाबरू नका. तेवढं जातं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मूठ उघडून बघा."

"नाही उघडत."

"माझीपण नाही उघडत. नखं रुतलीत ना तळव्यात? करंगळीचं जास्त?"

शेवड्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आणि हनुवटीवरून रक्त एकत्र गळत होतं.

"हां," ती म्हणाली. "करंगळीचंच जास्त."

"प्रणाली," सोमनाथ खुर्चीतून पुन्हा म्हणाला. तिला ऐकू आलं होतं. तिने मान वळवली नाही.

"भिंतीला टेका," ती शेवड्यांना म्हणाली. "असे. श्वास सोडा सावकाश. मग मुंग्या येतील, खूप येतील, तेव्हा ओरडलात तरी चालेल."

ती त्यांच्या उजवीकडून उठून डावीकडे येऊन टेकली, त्यांचं डोकं खांद्यावर घ्यायला. दोघांच्या मध्ये तिची उजवी बाजू आली, रिकामी बाही. शेवड्यांनी त्या बाहीकडे पाहिलं. मग, तिथे काय आहे ते दिसत असल्यासारखे, दुखरं अंग उचलून ते वीतभर पलीकडे सरकले. तिच्या हाताला धक्का लागू नये म्हणून.